फोटो दिलाच काहून?

आमच्या मंगरूळपीरला अशी भानगड कानावर आली की पहिला प्रश्न फोटो पसरवणाऱ्या पोराबद्दल नसतो. तो असतो, "पोट्टीनं फोटो दिलाच काहून?" मी आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. इथल्या कँटीनमध्येही हाच प्रश्न ऐकू येतो, फक्त थोडं इंग्रजी मिसळून. या विषयावरचे कायदे वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं, की तिची संमती कशाला होती आणि कशाला नव्हती, हे आपल्या कायद्यानेही दीडशे वर्षं नीट विचारलं नव्हतं.

सुरुवात 1860 च्या भारतीय दंडसंहितेपासून करू. कलम 292 प्रमाणे अश्लील चित्र विकणं, वाटणं हा गुन्हा. इथे कायद्याला काळजी बघणाऱ्याची होती, त्याचं मन बिघडेल का याची. चित्रातल्या बाईला कुणी विचारलं होतं का, हा मुद्दाच नव्हता. तिच्यासाठी वेगळी कलमं होती, पण त्यातही शब्द होता 'विनय'. म्हणजे तिच्या मर्जीला नाही, तिच्या शालीनतेला संरक्षण.

याची किंमत महाराष्ट्राने जळगावात पाहिली. 1994 मध्ये तिथलं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं. मुलींचे, बायकांचे फोटो आणि चित्रफिती हाताशी धरून त्यांना पुन्हा पुन्हा धमकावलं गेलं होतं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, इंटरनेटही नव्हतं. एक कॅमेरा आणि 'गावाला कळेल' ही भीती, एवढं पुरलं. त्याच भीतीने अनेकजणी साक्षीला आल्या नाहीत आणि बरेच खटले कोर्टात टिकले नाहीत.

2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. त्याच्या कलम 67 ने जुनाच प्रश्न कॉम्प्युटरवर आणला: मजकूर अश्लील आहे का? 2004 मध्ये दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाइलवरची क्लिप 'बाझी डॉट कॉम'वर विक्रीला लागली. साइटच्या प्रमुखाला अटक झाली. कोर्टातला मोठा वाद साइट जबाबदार की नाही, यावर रंगला. क्लिपमधल्या मुलीची संमती हा त्या वादाचा विषय नव्हता.

2008 च्या दुरुस्तीने कलम 66-ई आणलं, ते 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झालं. कुणाच्याही खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं, छापणं किंवा पाठवणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'संमती' हा शब्द इथे आला. पण फोटो तिनेच काढून दिला असेल तर? याचं सरळ उत्तर तिथे नव्हतं.

ते उत्तर डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर मिळालं. न्यायमूर्ती वर्मा समितीने 23 जानेवारी 2013 ला अहवाल दिला आणि त्याच वर्षी दंडसंहितेत कलम 354-सी आलं. त्यातलं दुसरं स्पष्टीकरण माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याचा अर्थ असा: बाईने फोटो काढायला होकार दिला, पण तो तिसऱ्याला दाखवायला दिला नाही, तर तो पसरवणं गुन्हा. एका गोष्टीला दिलेला 'हो' दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. "दिलाच काहून?" हा प्रश्न कायद्याने तिथे निकालात काढला.

संसदेत मात्र हात आखडला. पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र ठेवला गेला, शिक्षा एक ते तीन वर्षं. 1 जुलै 2024 पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत 77 क्रमांकाने आहे. आता आरोपी 'पुरुष' नाही, 'जो कोणी' आहे. पीडित मात्र अजूनही फक्त स्त्री. मुलाचा फोटो फिरवला, तर त्याला आयटी कायद्याकडेच जावं लागतं. वय 18 च्या आत असेल तर पॉक्सो लागतो आणि तिथे संमतीचा बचाव चालतच नाही.

आपण 'व्हायरल झाला' म्हणतो, जणू पाऊस पडला. पण ग्रुपवर फॉरवर्ड करणारा प्रत्येक अंगठा कायद्याच्या भाषेत 'प्रसारण' करतो. 'रिव्हेंज पॉर्न' हा शब्दही मला खटकतो. रिव्हेंज म्हणजे सूड, आणि सूड म्हटलं की आधी तिने काहीतरी केलं असणार, असं गृहीत धरलं जातं.

छोट्या गावात कायद्याआधी ठाण्याची पायरी आडवी येते. तिथे ओळखीचं कुणीतरी दिसणारच. म्हणून झीरो एफआयआर लक्षात ठेवा: गुन्हा कुठेही घडो, तक्रार अकोल्यात किंवा पुण्यातही नोंदवता येते. 2021 च्या नियमांनी अशी तक्रार आल्यावर 24 तासांत मजकूर हटवण्याचं बंधन प्लॅटफॉर्मवर घातलं. त्याच वर्षी 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा सुरू झाली. तिच्यात फोटो फोनबाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा हॅश, म्हणजे गणिती ठसा बनतो आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारखे सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून फोटो ओळखतात.

घरचे घाबरून सांगतात, "सगळं डिलीट कर." तसं करू नका. चॅट, नंबर, लिंक, तारीख ठेवा. नव्या साक्ष अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहायची जागा आहे, फाइल बदललेली नाही हे त्यावरून दाखवता येतं. जळगावच्या बायकांपुढे सगळा भार स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा होता. आज त्यातला थोडा तरी भार फाइलला उचलता येतो, पण त्यासाठी ती फाइल जागेवर राहायला हवी.