नाव एक, कुळे अनेक

हैदराबाद शहराच्या मध्यभागी आबिड्स नावाचा गजबजलेला भाग आहे. रविवारी तेथील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, आणि त्या गर्दीत तेलुगू, उर्दू, मराठी, कन्नड अशा अनेक भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. या भागाचे नावच भाषेच्या अभ्यासकाला एक धडा शिकवून जाते.

अरबी भाषेत ‘आबिद’ म्हणजे उपासक. गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ साली औरंगजेबाचा एक सरदार कामास आला, त्याचे नाव ख्वाजा आबिद. हैदराबादच्या निजामशाहीचा संस्थापक निजाम-उल्-मुल्क हा त्याचा नातू. तेव्हा आबिड्स हे नाव या पूर्वजाचे स्मारक असावे, असा तर्क कोणीही सहज करील. परंतु तो तर्क खोटा आहे. हे नाव अल्बर्ट आबिद या व्यापाऱ्याचे. आर्मेनियन ज्यू म्हणून ओळखला जाणारा हा गृहस्थ सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा खास सेवक होता. जेकब हिऱ्याच्या १८९१ सालच्या खटल्यातही त्याचे नाव येते. त्याचे येथे दुकान होते. इंग्रजी लिपीतून वाचताना ‘द’चा ‘ड’ झाला, आणि शेवटचा ‘स्’ हा तर इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय! ‘आबिदचे’ म्हणजे आबिदचे दुकान. दुकान गेले, प्रत्यय उरला.

व्यक्तींच्या नावांची जी गत, तीच शब्दांची. ‘कल’ हे दोन अक्षरांचे रूप घ्यावे. मराठीत कल म्हणजे झुकाव. मनाचा कल, निकालाचा कल. उर्दूत ‘कल’ म्हणजे गेलेला दिवस आणि येणारा दिवसही. तो संस्कृत ‘कल्य’ म्हणजे पहाट या शब्दापासून आला. तेलुगूत ‘कल’ म्हणजे स्वप्न, आणि ते तमिळमधील ‘कना’ या शब्दाचे भावंड. तीन भाषा, तीन अर्थ, तीन उगम. गंमत अशी की, उर्दू ‘कल’चा खरा सगोत्र मराठीतील ‘कल’ नसून ‘काल’ हा शब्द आहे. चेहरा जुळतो तेथे नाते नाही, आणि नाते आहे तेथे चेहरा थोडा बदललेला आहे.

मग नाते ओळखावे कसे? हैदराबादेतच नल्लकुंटा नावाची वस्ती आहे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळा, ‘कुंट’ म्हणजे तळे. तमिळ माणसाच्या कानाला मात्र ‘नल्ल’ म्हणजे चांगला. दोन्ही भाषा एकाच द्राविड कुळातील. तेव्हा अर्थच पालटला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तमिळमध्ये ‘नल्’ म्हणजे चांगुलपणा आणि ‘नळ्’ म्हणजे रात्र, काळोख, असे दोन वेगळे धातू आजही जिवंत आहेत. तेलुगूत ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि काळोखाचा शब्द चांगुलपणाच्या शब्दासारखा दिसू लागला. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड व ‘कळ्ळु’ म्हणजे ताडी. तेलुगूत ताडीला ‘कल्लु’ म्हणतात. येथेही तोच ‘ळ’, तोच ‘ल’. एखादा बदल असा अनेक शब्दांत नियमाने आढळतो, तेव्हाच तो पुराव्यास पात्र ठरतो. एकट्यादुकट्या साम्याला साक्षीदार मानता येत नाही.

अर्थ जुळला तरीही सावध राहावे लागते. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट. मराठीने ‘बदनाम’, ‘बदफैली’ हे शब्द तेथूनच घेतले. इंग्रजीतही वाईटाला ‘बॅड’ म्हणतात. रूप तेच, अर्थ तोच. तरी नाते नाही. जुन्या पहलवी भाषेत फारसी शब्दाचे रूप ‘वद’ होते. काळात जरा मागे गेले की साम्य विरून जाते. उलट ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत व तेलुगूत दंड, आणि हिंदीत शिक्षण. अर्थांत एवढे अंतर पडूनही मूळ संस्कृत शब्द एकच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली आणि मराठवाडा, तेलंगण व कन्नड जिल्हे वेगळे झाले. अशा सीमांवर गावाच्या नावाची व्युत्पत्ती हा केवळ विद्वानांच्या करमणुकीचा विषय राहत नाही. नाव आमचे म्हणून गाव आमचे, असे म्हणण्याचा मोह तेथे सदैव असतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे आला, तेव्हा चेहऱ्यावर विसंबलेले अनेक लोक फसले. अखेर चौकशीनेच सत्य बाहेर पडले. शब्दांच्या बाबतीत तोतया कोणीच नसतो. दिसायला सारखे असलेले दोन्ही शब्द आपापल्या घरचे असतात. त्यांना एका घरात कोंबू पाहणारा माणूस मात्र इतिहासाला फसवीत असतो. कान साम्य सांगतो. कूळ सांगण्यासाठी जुनी पाने उलटावीच लागतात.