आरसी बुकावर कुणाचं नाव?

आज आपण गाडीबद्दल बोलू. फिरायच्या गाडीबद्दल नाही, माल वाहायच्या. टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, मंडपाचं सामान, सगळं जिच्यावर चढतं ती आपली पिकअप, आपला छोटा हत्ती.

या गाडीचं नाव निघालं की डोळ्यांपुढे गडीमाणूसच येतो. ‘ती पुरुषाची गाडी, बाईला झेपायची नाही,’ असं आपणही सहज बोलून जातो. ही समजूत आली कुठून?

पिकअप वाढली अमेरिकेत, शेतावर. तिथले शेतकरी मोटारीच्या मागे फळ्यांची पेटी ठोकून माल न्यायचे. ते पाहून फोर्ड कंपनीनं १९२५ साली कारखान्यातच तशी गाडी तयार करून विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. तेव्हा ती शेतीचं एक अवजार होती, घमेल्या-फावड्यासारखी. पुढे जाहिराती आल्या. त्यात चिखल, डोंगर, टोपी घातलेला रांगडा गुराखी. गाडी मर्दपणाची खूण झाली. जिथं ओझं न्यायचंच नव्हतं, अशा शहरातल्या लोकांनीही ती घेतली. खरं तर ताकद इंजिनाची असते, मिशीची नाही. १९४५ साली, महायुद्ध चालू असताना, इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ लष्कराच्या महिला दलात ट्रक चालवायला आणि इंजिन दुरुस्त करायला शिकली. पुढे ती राणी झाली.

आता आपल्याकडे या. ‘टेम्पो’ हा शब्द आपण मराठीच समजतो, पण ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या गाडीचं नाव. त्या कारखान्याशी करार करून १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो कंपनी सुरू केली आणि तीनचाकी टेम्पो आपल्या रस्त्यांवर आला. २००५ साली कंपनीनं नाव बदललं, फोर्स मोटर्स केलं. आपण मात्र अजून प्रत्येक मालगाडीला टेम्पोच म्हणतो. त्याच २००५ साली टाटांनी पुण्यात ‘एस’ ही गाडी आणली. दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं छोटंसं इंजिन, पण बोळातही शिरणारी. लोकांनी तिला नाव दिलं छोटा हत्ती. बैलगाडी जाईल तिथं ती जाऊ लागली.

या सगळ्या काळात बाई कुठं होती? ओझ्याखाली. गवताचा भारा, लाकडाची मोळी, पाण्याचे हंडे, बाजाराची पाटी, सगळं तिच्या डोक्यावर. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाईला झेपायचं नाही. डोक्यावरचं ओझं बाईचं, आणि त्याच ओझ्याला चाकं लागली की ते पुरुषाचं! चाकांबरोबर भाडं येतं, हातात पैसा येतो, म्हणून हे असं झालं.

गाडीच्या पाठीवर वाचा, ‘आईचा आशीर्वाद’ असतो. काचेमागे देवी असते. कर्ज पुष्कळदा गटातून, बाईच्या सहीवर निघतं. हप्त्याची तारीख तीच लक्षात ठेवते. पण आरसी बुकावर नाव नवऱ्याचं. उद्या घरात वाद झाला, गाडी विकली गेली, तर हप्ता हिच्याकडे आणि गाडी दुसऱ्याच्या दारात. हे आपल्या गटांनी पाहिलेलं आहे.

जमिनीबद्दल हाच प्रश्न आपल्या आधीच्या बायकांनी विचारला होता. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, हजारो शेतकरी बायका जमल्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, तर आरसी बुकावर का नाही?

मालकीण व्हायला गाडी चालवता यायलाच हवी असं नाही. ड्रायव्हर पगारी ठेवता येतो. पण शिकायचं असेल तर वाट मोकळी आहे. हलक्या मोटारीच्या लायसनवर एकूण साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयानं हे २०१७ साली सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते कायम केलं. छोटा हत्ती आणि आपल्याकडच्या पिकअप त्यात सहज बसतात.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गाडीसाठी कर्जाचा अर्ज आला, तर हप्ता किती हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारू या: गाडी कुणाच्या नावावर होणार? उत्तर ठरावात लिहून घेऊ. भाड्याची वही घरात कोण लिहिणार, तेही तिथंच ठरवू. आईचा आशीर्वाद गाडीच्या पाठीवर राहू दे. तिचं नाव कागदावरही येऊ दे.