विषाणू-संलग्नन
विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन यजमान पेशीवरील ठरावीक ग्राहीला जोडले जाण्याची क्रिया. इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू हिमॅग्लुटिनिनने सियालिक आम्लाला धरतो, तर कोविड-१९ चा विषाणू स्पाइक प्रथिनाने एसीई-२ या ग्राहीला. ग्राही नसलेल्या पेशी सहसा सुटतात.

नुसती पकड मात्र पुरत नाही, हे २०२० च्या उत्तरार्धात भारतात आढळलेल्या आणि विदर्भासह महाराष्ट्रात झपाट्याने फैलावलेल्या कोविड-१९ विषाणूच्या डेल्टा प्रकारात दिसले. त्याच्या स्पाइकमध्ये ४५२ व्या स्थानी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आले. ही जागा ग्राहीला भिडणाऱ्या भागातली, त्यामुळे काही प्रतिपिंडांनाही चकवा मिळाला. त्याहून निर्णायक बहुधा ६८१ व्या स्थानचा बदल: प्रोलीनच्या जागी आर्जिनीन आल्याने फ्युरिन हे विकर स्पाइक अधिक सहज छेदते आणि विषाणूचे आवरण पेशीपटलात लवकर विलीन होते.