कावेरीकाठची कॉफी

कुंभकोणम् या तीर्थक्षेत्राच्या परिसरात मरुदानल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. महाराष्ट्रात त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसेल. परंतु दक्षिणेतील भजनसंप्रदायात त्याला मोठा मान आहे. तंजावरास सरफोजीराजे गादीवर असताना सद्गुरुस्वामींनी येथे नामसंकीर्तनाची पद्धती घालून दिली, आणि तमिळ मुलखातील भजने आजही बव्हंशी त्याच क्रमाने चालतात. त्या पद्धतीत संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांच्या जोडीला मराठी अभंगही गायिले जातात. यात नवल नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हापासून मराठी घराणी कावेरीच्या काठी नांदत आली. १७९९ मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १८५५ मध्ये गादीही संपली. घराणी मात्र तेथेच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये जन्मले ते कुंभकोणमलाच.

या टापूतील घरी पाहुणा म्हणून गेलेल्या मराठी माणसाला पहिली ओळख होते ती कॉफीची. काठ बाहेर वळवलेला पितळी पेला आणि त्याखाली तसलीच खोलगट वाटी. या जोडीला तेथे टंबलर व डबरा म्हणतात. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतून कॉफीला फेस आणायचा आणि पेला ओठांना न लावता ती प्यायची. स्नानसंध्येइतकाच हा प्रकार जुना असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

तमिळ विद्वान उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांचा जन्म १८५५ मध्ये झाला; त्यांचे गाव कुंभकोणमजवळचे उत्तमदानपुरम्. १८८० पासून १९०३ पर्यंत ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळचे अध्यापक होते. प्राचीन संघम् वाङ्मयाच्या ताडपत्रांवरील पोथ्या शोधून त्या छापून काढणारा हा पुरुष. त्यांनी वृद्धपणी लिहिलेले आत्मचरित्र १९४० पासून ‘आनंद विकटन’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या बालपणाचे वर्णन करताना त्या काळी कॉफी नव्हती हे त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. अवघ्या एका माणसाच्या आयुष्यात कॉफी अज्ञात होती ती अपरिहार्य झाली, आणि तीही सोवळ्याओवळ्याविषयी अत्यंत काटेकोर असलेल्या समाजात. त्यापूर्वी न्याहारी होती ती रात्रीच्या भाताची. पाण्यात घालून ठेवलेला तो भात आणि त्यावरचे आंबूस पाणी, ताक व मीठ घालून. कॉफीने या शिळ्या भाताला हुसकावले. त्याबद्दल जुन्या मंडळींनी पुष्कळ खेद केला. त्यांच्या सुना तोवर दाणे भाजू लागल्या होत्या.

दाणे आले कोठून? म्हैसूर मुलखात अशी कथा सांगतात, की सतराव्या शतकात बाबा बुढण नावाच्या सूफी साधूने मक्केहून परतताना येमेनमधून सात दाणे आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले. सात हा आकडा कथेचाच असेल, पण त्या डोंगराला बाबा बुढणगिरी हे नाव आहे आणि तेथे कॉफी पिकते. अरबीतील ‘बुन’ म्हणजे कॉफीचा दाणा. जुन्या मराठीत याला बुंददाणा म्हणत, तो शब्द याच गोतातला दिसतो. व्यापारी लागवड पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी वाढवली. म्हैसूर, कूर्ग, वायनाड, निलगिरी असे डोंगरमागून डोंगर कॉफीखाली आले.

याच काळात कावेरीकाठच्या लोकांचा कॉफीशी आणखी एक संबंध जडला होता. सिलोनच्या कँडी भागात कॉफीचे मळे उभे राहिले तेव्हा तोडणीच्या हंगामासाठी त्रिचनापल्ली, तंजावर, मदुरा या जिल्ह्यांतील भूमिहीन मजूर हजारोंनी समुद्र ओलांडून जात. कांगाणी नावाचा मुकादम त्यांना उचल देऊन नेई. वाटेत व मळ्यांवर पटकी आणि हिवतापाने अगणित माणसे मेली. १८६९ मध्ये सिलोनात कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला. पुढील दोन दशकांत मळे उजाड झाले आणि तेथे चहा लागला. म्हणजे तंजावर जिल्ह्याच्या अग्रहारात कॉफीचा पहिला पेला भरण्यापूर्वीच त्याच जिल्ह्याच्या वेशीबाहेरच्या वस्त्यांनी कॉफीसाठी आपली माणसे गमावली होती. कॉफीच्या कौतुकात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आता भाजण्याविषयी. कुंभकोणमच्या कॉफीचे रहस्य कावेरीच्या पाण्यात आहे असे काही म्हणतात, काही गाईच्या दुधात सांगतात. दोन्हींत तथ्य असेल. पण खरे कारण त्याहून साधे आहे. कॉफीचा कच्चा दाणा हिरवट, टणक आणि जवळजवळ निर्गंध असतो. कोरड्या जागी ठेवला तर तो महिनेच्या महिने टिकतो. भाजलेला दाणा काही आठवड्यांत सुगंध गमावू लागतो आणि दळलेली पूड तर काही दिवसांतच मलूल होते. तेव्हा उत्तम कॉफीचा प्रश्न हा मुळात विस्तव आणि पेला यांच्यात किती काळ जावा याचा प्रश्न आहे. तो काळ कमीत कमी ठेवण्याचा उपाय कावेरीकाठच्या गृहिणींनी कोणताही ग्रंथ न वाचता शोधला. कच्चे दाणे घरात साठवायचे, लागतील तसे कोळशाच्या शेगडीवर भाजायचे, आणि मेजाच्या कडेला स्क्रूने आवळलेल्या हातयंत्रात त्या त्या वेळेपुरते दळायचे.

भाजण्यासाठी जाड बुडाची लोखंडी कढई असे, किंवा दांड्याने फिरवायचे पत्र्याचे नळकांडे. आरंभी दाण्यातील पाणी उडून जाते आणि रंग पिवळा होतो. वास या वेळी वाळल्या गवतासारखा येतो. मग तो तपकिरी होऊ लागतो. उष्णता २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की आतील वाफेच्या दाबाने दाणे लाह्यांसारखे तडतडतात आणि फुगतात. ही पहिली तडतड. आच तशीच ठेवली तर थोड्या वेळाने दुसरी, बारीक आवाजाची तडतड होते. तोवर धूर दाटतो आणि दाण्यावर तेलाची चमक येते. या दोहोंमधला काळ फार थोडा असतो, आणि आंबट, गोड किंवा कडू यांपैकी पेल्यात काय उतरणार ते तेवढ्यात ठरते. भाजून झालेला दाणा वजनाने साधारण षष्ठांशाने घटतो. कढई उतरवून भागत नाही; दाणे आतल्या उष्णतेने भाजतच राहतात, म्हणून ते लगेच सुपात पसरून पाखडावे लागतात. पाखडताना त्यांची पातळ साले उडून जातात. घड्याळ आणि तापमापक यांवाचून, केवळ नाक आणि कान यांच्या भरवशावर हे काम होत असे. भुईमूग किंवा रवा भाजताना नजर क्षणभर हटली तर काय होते हे मराठी गृहिणीला सांगणे नकोच.

जाणकार घरांत ‘पीबेरी’ दाण्याचा आग्रह धरीत. कॉफीच्या फळात सामान्यतः दोन दाणे असतात आणि ते एकमेकांना टेकून एका बाजूने सपाट होतात. थोड्या फळांत एकच दाणा वाढतो. तो वाटाण्यासारखा गोल असतो. सपाट दाणा कढईत एका कुशीवर पडून राहतो व डागाळतो, गोल दाणा घरंगळत सगळीकडून सारखा भाजतो. पीबेरीला चव अधिक असते की नाही याबद्दल वाद आहे; कढईत तिची सोय होती याबद्दल नाही.

पुढचे काम गाळणीचे. एकावर एक बसणारी दोन पितळी भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके. पूड दाबून वर उकळते पाणी ओतले की दाट अर्क थेंबथेंब खाली उतरतो. त्यात गरम दूध आणि साखर. ‘डिग्री कॉफी’ या नावाचा उगम बहुतेक सांगतात तो दुधाच्या परीक्षेत. दुधात बुडवलेला लॅक्टोमीटर ज्या अंशापर्यंत वर राही त्यावरून दुधाचा खरेपणा ठरे, आणि तशा कसोटीला उतरलेल्या दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी. पहिल्या गाळणीच्या अर्काला पहिली डिग्री म्हणत, असेही कोणी सांगतात. ‘चिकोरी’चा तो अपभ्रंश मानणारेही आहेत. लॅक्टोमीटरचा निर्वाळा काही अंतिम नव्हे. साय काढलेले दूध अधिक घन होते, आणि त्यात बेताने पाणी घातले की यंत्र निमूटपणे ते खरे ठरवते. म्हणूनच दारात गाय बांधून डोळ्यांदेखत दूध काढून घेण्याची चाल तेथे दीर्घकाळ टिकली.

याचा अर्थ असा, की ही कॉफी ज्यांच्या घरी गाय, पितळ, कोळसा आणि स्त्रियांचे हात होते त्यांचीच होती. इतरांना ती मिळे हॉटेलात, आणि हॉटेलांच्या दारावर ‘ब्राह्मण’ अशी पाटी असे. आत कोणी कोठे बसायचे हेही ठरलेले असे. १९५७ मध्ये मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात अशाच एका उपाहारगृहाच्या फलकावरील तो शब्द पुसावा म्हणून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या अनुयायांनी चळवळ केली, तेव्हा वाद पेयाचा नव्हता, पाटीचा होता. कष्टकरी वर्गाने तोवर चहा आपलासा केला होता.

घरगुती भाजणी मागे पडली ती दोन कारणांनी. शहरांतून दाणे भाजून दळून देणारी दुकाने निघाली. मुंबईत माटुंग्याच्या दुकानांतून तो वास आजही रस्त्यावर येतो. शिवाय दुसऱ्या महायुद्धात निर्यात बंद पडल्यावर १९४० मध्ये सरकारने देशातील सर्व पीक एका सामाईक साठ्यात घेण्यास प्रारंभ केला. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाचा पाया पक्का झाला. मळेवाला तगला, परंतु साठ्यात एका मळ्याचा दाणा दुसऱ्यात मिसळे, आणि अमुक डोंगराची, अमुक मळ्याची कॉफी ही ओळख ग्राहकापुरती पुसली गेली. पुडीत चिकोरी शिरली. नेपोलियनच्या नाकेबंदीत युरोपात रूढ झालेले हे मूळ अर्काला काळा रंग आणि दाटपणा देते व किंमत उतरवते. आजच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते. उरलेल्याचा हिशोब वाचकाने करावा.

१९९६ मध्ये मळेवाल्यांना आपला माल मुक्तपणे विकण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर मळ्याचे नाव, उंची, वाण आणि फळ सुकवण्याची रीत लिहिलेल्या पिशव्या बाजारात दिसू लागल्या. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून ‘स्पेशल्टी’ म्हणून ओळखली जाणारी ही कॉफी. परीक्षकांनी शंभरापैकी निदान ऐंशी गुण दिल्याशिवाय तिला हे नाव लागत नाही. तिचे शौकीन आता पुण्या-मुंबईतही कच्चे दाणे मागवून घरी भाजतात. हाती तापमापक असतो आणि प्रत्येक भाजणीची वही ठेवलेली असते. त्यांचा कल पहिल्या तडतडीनंतर लवकर थांबण्याकडे आहे, कारण हलक्या भाजणीत मळ्याच्या मातीचा गुण कळतो. कुंभकोणमची सुगरण त्याहून पुढे जाई. तिला दुधातून आणि साखरेतून वर येणारा कडवटपणा हवा असे. दाणे भाजल्यावर त्यांतून कर्बवायू बाहेर पडत राहतो, म्हणून पूड करण्यापूर्वी त्यांना एखादा दिवस विसावा द्यावा, असे हे नवे लोक सांगतात. कावेरीकाठी शुक्रवारच्या पूजेसाठी गुरुवारी दाणे भाजणारी घरे या नियमाला न कळत जागत होती.