ब्रेक ऑइल बदलणे

मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकमधील जुना द्रव पूर्ण काढून नवा भरण्याचे देखभालीचे काम. गॅरेजमध्ये ऑइल म्हणत असले, तरी बहुतेक मोटारींत हा द्रव ग्लायकॉल ईथरांचा असतो. त्यात चुकून इंजिन ऑइल पडले, तर मास्टर सिलिंडरचे व कॅलिपरचे रबरी सील फुगतात आणि ब्रेकची सगळी यंत्रणा उलगडावी लागते.

हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. रबरी होजमधूनही पाणी आत झिरपत राहते, त्यामुळे दारात उभ्या असलेल्या गाडीतलाही द्रव खराब होतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५° से.पर्यंत उतरलेला चालतो. आंबोलीसारखा घाट सतत ब्रेक दाबून उतरताना कॅलिपर तापतात, द्रव उकळतो आणि त्यात वाफ धरते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल थेट खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ब्रेक द्रवाच्या टाकीतली पातळी मात्र ठीकच दिसत असते. त्यामुळे सर्व्हिसिंगला वरून ओतलेल्या चार थेंबांना बदलणे म्हणता येत नाही. बरेच उत्पादक दर दोन वर्षांनी द्रव बदलण्यास सांगतात.

हाताने करायचे तर दोन माणसे लागतात. आधी टाकीतला काळपट द्रव पिचकारीने ओढून नवा भरतात. सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात होते. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेत पाहावा. चाकाच्या ब्रेकवरील द्रव सोडण्याच्या निपलवर रिंग पाना अडकवून पारदर्शक नळी चढवतात व तिचे टोक बाटलीतल्या द्रवात बुडवतात. आतला माणूस पेडल दाबून धरतो, खालचा माणूस निपल पाव फेरा सैल करतो. द्रव बाहेर येतो, पेडल खाली जाते. निपल घट्ट झाल्यावरच पाय उचलायचा. ‘दाब’, ‘सोड’ असा पुकारा चुकला की हवा आत ओढली जाते. नळीत स्वच्छ, फिकट पिवळा द्रव बुडबुड्यांविना येईपर्यंत हे चालते. मध्येच टाकी रिकामी झाली, तर आत हवा शिरते व सगळे पहिल्यापासून करावे लागते. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये हवा गेल्यास अनेक गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो.

जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो, त्यावर सील घासून फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळते. रंगावर सांडलेला द्रव लगेच भरपूर पाण्याने धुवावा, नाहीतर रंग सुटतो. अर्धा वापरलेला डबा पुढच्या खेपेसाठी ठेवू नये. तोही ओलावा ओढतच असतो.