भट्टीविना भाजलेली कोंबडी

चिनी पंचांगातील वर्षाची शेवटची रात्र ही घरातील सर्वांनी एकत्र जेवण्याची रात्र. त्या जेवणात अनेक प्रांतांमध्ये एक अखंड कोंबडी असते. ती डोक्यापायांसकट शिजवतात, अनेक घरांत आधी पूर्वजांपुढे ठेवतात आणि त्यानंतरच तिचे तुकडे होतात. अखंड कोंबडी म्हणजे अखंड कुटुंब, असा त्यामागचा संकेत. शिवाय चिनी भाषेत कोंबडीला 'जी' म्हणतात आणि 'शुभ' या अर्थाचा शब्दही, सुराचा फरक सोडला तर, 'जी' असाच आहे.

दक्षिणेकडे, ग्वांगडोंगमध्ये, ही कोंबडी बहुधा पाण्यात शिजवलेली, पांढरी असते. उत्तरेकडे मात्र तांबूस, चकचकीत कोंबडी लोकप्रिय आहे. तिला 'शाओजी', म्हणजे भाजलेली कोंबडी, म्हणतात. इथे एक कोडे उभे राहते. पारंपरिक चिनी घरात भाजण्याची बंद भट्टी नव्हतीच. मग अख्खी कोंबडी भाजली जात होती तरी कशी?

प्रथम चुलीकडे पाहू. हान राजवटीच्या काळातील (इ. स. पूर्व 206 ते इ. स. 220) थडग्यांमध्ये मृतासोबत पुरलेल्या चुलींच्या मातीच्या प्रतिकृती मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. एका टोकाला जाळ घालायचे तोंड, दुसऱ्या टोकाला धूर जायची वाट आणि वरच्या बाजूला भांडी बसवण्यासाठी गोल भोके, अशी तिची रचना. आपल्या चुलीला वैल जोडलेला असतो तसाच हा प्रकार. एका जाळावर दोन-तीन भांडी तापतात आणि भांडे भोकात घट्ट बसत असल्यामुळे उष्णता वाया जात नाही. ही चूल उकडण्यासाठी, शिजवण्यासाठी आणि तळण्यासाठी उत्तम. पण तिच्यात चारी बाजूंनी भाजण्याची सोय नाही.

अशी चूल का टिकली, याचे एक मोठे कारण सरपण. दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात लाकूड दुर्मीळ होते. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग 1909 मध्ये चीनमध्ये फिरले. पिकांची धाटे, काड आणि मुळेसुद्धा लोक जपून इंधन म्हणून वापरतात, हे त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवले आहे. काडाचा जाळ चटकन भडकतो आणि चटकन विझतो. त्यावर कढई तापते, पण मोठी भट्टी तासन् तास तापती ठेवणे घरच्या माणसाला परवडणारे नव्हते. ते काम दुकानांकडेच राहिले.

आता कोंबडीकडे वळू. अख्खा पक्षी भाजणे हा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अवघड प्रश्न आहे, कारण त्यात परस्परविरोधी दोन कामे एकदम साधायची असतात. पहिले काम आतले मांस शिजवण्याचे. त्याला 100 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाची गरज नसते. गरज असते ती वेळेची. मांडीतील चिवट संयोजी ऊतीचे जिलेटिन व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कोरड्या आचेवर छातीचे मांस मात्र सुकून जाते. दुसरे काम त्वचेला रंग आणि खमंगपणा आणण्याचे. ते सुमारे 140 अंशांच्या पुढे झपाट्याने होते. परंतु त्वचा ओली असेपर्यंत तिचे तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी लागतात, आणि सारी उष्णता त्यातच खर्ची पडते.

चिनी स्वयंपाक्यांनी यावर काढलेला मार्ग असा, की ही दोन कामे वेगळी करून टाकायची. या विचाराची मुळे फार जुनी आहेत. सुमारे 2000 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'ली-जी' या आचारविषयक ग्रंथात कोवळे डुक्कर शिजवण्याची एक कृती आहे. त्याच्या पोटात बोरे भरायची, ते बोरूत गुंडाळून वर चिखल लिंपायचा आणि विस्तवात भाजायचे. मग चिखल काढून तांदळाच्या पिठाचा लेप द्यायचा आणि चरबीत तळायचे. शेवटी ते सुगंधी वनस्पतींसह लहान भांड्यात घालून, ते भांडे उकळत्या पाण्याच्या मोठ्या कढईत तीन दिवस आणि तीन रात्री ठेवायचे. भाजणे, तळणे आणि मंद आचेवर शिजवणे या तीन पायऱ्या येथे स्वच्छ वेगळ्या आहेत.

रंग आणण्याची युक्तीही लेखी सापडते. जिया सिश्ये यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या 'चि मिन याओ शू' या कृषिग्रंथात डुक्कर भाजताना ते मंद आचेपासून दूर धरून सतत फिरवावे, रंग येण्यासाठी त्यावर वारंवार मद्य लावावे आणि मग चरबी किंवा तिळाचे तेल फासावे, असे सांगितले आहे. धान्याच्या मद्यात शर्करा आणि अमिनो आम्ले दोन्ही असतात, हे आज आपल्याला माहीत आहे.

आता शाओजीची कृती पाहा. हनान प्रांतातील दाओकौ गावची कोंबडी यासाठी नावाजलेली आहे. तेथील जुन्या दुकानाची परंपरा 1661 पासूनची सांगतात. साफ केलेल्या कोंबडीच्या पोटात ज्वारीच्या धाटाचा तुकडा आडवा घालून ती ताणतात आणि पाय दुमडून तिला आकार देतात. त्वचेवर मधाचे किंवा माल्टोजच्या पाकाचे पाणी लावून ती सुकू देतात. नंतर ती कढत तेलात थोडाच वेळ, तांबूस होईपर्यंत, तळतात. शेवटी जुन्या रश्श्यात दालचिनी, लवंग, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल अशा आठ मसाल्यांसह काही तास मंद आचेवर ठेवतात. म्हणजे 'भाजलेली' म्हणवणारी ही कोंबडी भट्टीत जातच नाही! रंगाचे काम तेलाने काही मिनिटांत केले आणि शिजवण्याचे काम पाण्याने सावकाश केले.

मध किंवा माल्टोजच का, साधी साखर का नाही? त्वचेचा तांबूस रंग आणि भाजल्याचा वास प्रामुख्याने प्रथिनांतील अमिनो गट आणि क्षपणकारी शर्करा यांच्यातील अभिक्रियेतून येतो. मधातील ग्लुकोज व फ्रुक्टोज आणि धान्याला मोड आणून काढलेले माल्टोज या क्षपणकारी शर्करा आहेत; बेनेडिक्टच्या कसोटीने हे प्रयोगशाळेत दाखवता येते. उसाची साखर त्या कसोटीला उतरत नाही. या अभिक्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये केले आणि तिच्या पायऱ्यांचा आराखडा अमेरिकेतील जॉन हॉज यांनी 1953 मध्ये मांडला. गंमत म्हणजे माल्टोजची चिकट मिठाई वर्षअखेरच्या सणात घरात असतेच. चूलदेवता वर्षाचा अहवाल द्यायला स्वर्गात जाते, तेव्हा तिने वाईट बोलू नये म्हणून तिच्या चित्राच्या तोंडाला ती फासण्याची प्रथा आहे.

ज्यांच्याकडे भट्टी होती त्यांनीही हेच तत्त्व सोडले नाही. बीजिंगमध्ये 1864 मध्ये सुरू झालेल्या च्वानज्युद या दुकानाने बदक उघड्या भट्टीत टांगून भाजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिथेही बदकाच्या त्वचेवर माल्टोजचे पाणी लावून ते वाळवतात आणि भट्टीत टांगण्यापूर्वी त्याच्या पोटात गरम पाणी भरतात. बाहेरून भाजणे आणि आतून उकडणे, ही दोन कामे एकाच पक्ष्यात, पण वेगवेगळ्या माध्यमांनी!

घरात भट्टी नसणे हे मागासलेपणाचे लक्षण मानण्याची सवय आपल्याला लागलेली असते. तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे एकच शिडी म्हणून पाहिले की असे होते. वरची पायरी न चढलेला तो मागे, असा सोपा हिशेब आपण करतो. प्रत्यक्षात काडाचा जाळ, भोकाची चूल आणि अखंड पक्ष्याचा आग्रह या तीन अटी ठरल्यावर त्यांत बसणारे उत्तर शोधले गेले. ते शोधणाऱ्यांना अमिनो आम्ले ठाऊक नव्हती. पण ओली त्वचा रंगत नाही आणि मध लावलेली लवकर रंगते, हे त्यांनी नीट पाहिले होते.

हे वर्गात पाहण्यासाठी कोंबडीची गरज नाही. बटाट्याच्या सारख्या जाडीच्या तीन चकत्या घ्या. एक ओलीच ठेवा, दुसरी पुसून कोरडी करा, तिसरी पुसून मधाचे पातळ पाणी लावा आणि वाळू द्या. तिन्ही एकाच वेळी तापल्या तव्यावर, थोड्या तेलात ठेवा आणि प्रत्येकीला रंग यायला किती वेळ लागतो ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्या. कोणती आधी तांबूस होईल, याचा अंदाज मात्र आधी फळ्यावर लिहून घ्यावा.