कुलुपातली पोथी आणि उघडे भांडार

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल करून तयार केलेली ही सांकेतिक लिपी. पंथाबाहेरच्या माणसाच्या हाती पोथी पडली, तरी तीतले एक वाक्यही त्यास लागू नये, ही योजना. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती उकलली, तेव्हा आपल्या भाषेतले किती जुने गद्य बासनात मिटून पडले होते हे महाराष्ट्रास कळले. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या पंथाचे मोठे स्थान. ज्ञान कुलुपात ठेवण्याची कला आमच्या मुलखात अशी फार जुनी आहे. तिला आम्ही नावे ठेवीत नाही. पंथावर चहूकडून टीका होत असता पोथ्या तगल्या, त्या कदाचित याच गुप्ततेमुळे.

पण याच मुलखाने उलट मासलाही दाखविला आहे. अंबाजोगाईचे दासोपंत कागदावर भागेना म्हणून कापडावर लिहिते झाले. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह मांडला. पासोडी पसरली की चार माणसे भोवती बसून एकदम वाचू शकतात. त्याच दासोपंतांनी गीतेवर लाखाहून अधिक ओव्यांचा 'गीतार्णव' रचला आणि रागांत गावयाची पदेही लिहिली. पंडित निराळा आणि गवई निराळा, ही वाटणी त्यांच्या घरात नव्हती. विद्यापीठांच्या खात्यांनी ती पुढे पक्की केली.

पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आणि राजवाडे यांनी गावोगाव मठ धुंडाळून बासने सोडविली. त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु पोथी मठातून निघून मंडळाच्या कपाटात गेली, एवढ्याने ती देगलूरच्या विणकरास किंवा लातूरच्या आडतीवरील हमालास वाचावयास मिळाली असे होत नाही. निजामी राजवटीत तर सभा भरवावयाची म्हटली तरी सरकारी परवाना लागे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचाच होता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याची बोली मराठी, त्याच्या पदरात त्यातून काय पडले?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मोकळा झाला. १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ आले, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हेही त्याच्या कक्षेत आहेत. ज्यांचे नाव त्यास दिले, ते स्वामीजी तरुणपणी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत राबले होते. पदवीदानाच्या भाषणांत हे क्वचितच ऐकू येते, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो.

२००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला, की पीएच्.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत सर्वांसाठी खुल्या भांडारात ठेवावयाची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेले हे भांडार म्हणजे 'शोधगंगा'. आज तेथे देशभरचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. नांदेडचे प्रबंध तेथे पाहावयास बसले म्हणजे मौज वाटते. रसायनांच्या पृथक्करणाशेजारी ग्रामीण कादंबरी, सहकारी साखर कारखान्याच्या ताळेबंदाशेजारी दलित आत्मकथन. कपाटात यांची तोंडे एकमेकांस कधी दिसली नसती. ज्या ग्रंथालयाच्या दारात आमच्यासारख्यास 'सभासद आहात काय?' असा प्रश्न पडे, तेथील कामाचा माल आता मोबाइलवर फुकट उघडतो. फी नाही, शिफारसपत्र नाही.

तरीही कुलूप गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्याची जागा बदलली आहे. जुने मराठी प्रबंध ज्या टंकांत बसविले, ते आजच्या युनिकोडशी जुळत नाहीत. कित्येकांची तर केवळ पानांची छायाचित्रे आहेत. डोळ्यांस अक्षर दिसते, पण यंत्रास ते शोधता येत नाही. 'हमाल' हा शब्द घालून धुंडाळा, हमालांवरचा प्रबंध हाती लागेलच असे नाही. कारण पुष्कळदा मराठी प्रबंधाचे शीर्षकसुद्धा यादीत रोमन अक्षरांत नोंदलेले असते. सकळ लिपी हेतुपुरस्सर केली होती. ही बेफिकिरीतून झाली, आणि हिला उकलणारा राजवाडे अजून यावयाचा आहे.

संगीताचे दुखणे आणखी निराळे. प्रबंधात गाण्याचे शब्द येतात, फार तर भातखंडे पद्धतीने स्वरलेखन येते. गळा येत नाही. देगलूरच्या गुंडा महाराजांच्या परंपरेतून औशाच्या वीरनाथ महाराजांच्या घराण्यात आलेले चक्रीभजन घ्या. टाळ-वीणा घेऊन चक्राकार फिरत म्हणावयाचे ते भजन पानावर उतरले, की फिरणेच गळून पडते. शब्द उरतात, आणि शब्द तर गाथेत पूर्वीपासून होतेच!

या बाबतीत विद्यापीठांच्या पुढे गेले ते हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ. त्यांनी पुण्याहून काम चालवून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि १९९० नंतर बर्नार्ड बेल यांनी त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या खुल्या संग्रहात त्या ऐकावयास मिळतात. हजारावर गावांतल्या बायका त्यांत आहेत. मराठवाड्यातील माजलगाव आणि परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील गळेही आहेत. माजलगावच्या ओव्यांत बाबासाहेबांचे नाव दळणाच्या लयीत येते. आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदले आहे. लोकगीत म्हटले की कर्ता अज्ञात, असे लिहिण्याची विद्वानांस सवय होती. ज्या बाईने पहाटे उठून दळले आणि गायिले, तिची मजुरी जशी कोणी धरली नाही, तसे तिचे कर्तृत्वही धरले नाही. खुल्या भांडाराच्या एका साध्या रकान्याने ते धरले.

आता आमच्या घरचे. नांदेडची उस्मानशाही मिल बंद झाली. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्यांचे लेखन म्हणजे युनियनच्या सभांची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या, दारसभेसाठी रचलेले पोवाडे. लातूरच्या बाजारात १९६९ च्या माथाडी कायद्याची अंमलबजावणी मागताना निघालेली पत्रकेही तशीच. यांतले काही विद्यापीठाच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्यास मार्गदर्शक नाही आणि संदर्भसूचीही नाही. म्हणून आमची मागणी दोन कलमांची आहे. एक, विद्यापीठाने मराठी प्रबंधांची शीर्षके देवनागरीत नोंदवून जुनी पाने शोधता येतील अशी करून घ्यावीत. दुसरे, त्याच भांडारात कामगार संघटनांच्या दप्तरास एक खण द्यावा, आणि पोवाडे कागदावर न घेता म्हणणाऱ्याच्या आवाजात घ्यावेत. ते म्हणणारे आज सत्तरीच्या पुढे आहेत. वाळवी लागण्याआधी दप्तर उचलावयाचे, तर ते या पावसाळ्यापूर्वीच उचलले पाहिजे. पेट्या वाहून न्यावयास हमालांची अडचण नाही.